जप्ती आली तर काय जातं, काय राहतं

दारावर नोटीस चिकटली की वाड्यावर दोन तऱ्हेचे सल्ले सुरू होतात. एकजण सांगतो, "राहतं घर कोणीच घेऊ शकत नाही, बिनधास्त राहा." दुसरा सांगतो, "आता बघ, चुलीवरची भांडीसुद्धा राहायची नाहीत." पहिल्याचं ऐकणारा नोटीस कपाटात टाकून मोकळा होतो. दुसऱ्याचं ऐकणारा रातोरात घर मेव्हण्याच्या नावावर करायला धावतो. दोघेही गोत्यात येतात. कर्ज थकलं तरी माणसाच्या काही गोष्टींना कायदा हात लावू देत नाही, हे खरं आहे. पण त्या गोष्टी कोणत्या, कोणाच्या आणि कधी, यात सगळी मेख आहे.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: जी वस्तू जाईल अशी भीती वाटते, ती याच कर्जापोटी तारण लिहून दिली आहे का? घरकर्जात घर तारण असतं, गाडीच्या कर्जात गाडी, सोनेतारणात दागिने. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, दुकानदाराची उधारी, दुसऱ्यासाठी दिलेला जामीन यांत बहुतेक वेळा असं काही नसतं. कायद्याचं संरक्षण आहे ते मुख्यतः या दुसऱ्या जातीच्या कर्जात. जी वस्तू आपण आपल्या सहीने तारण दिली, तिच्या बाबतीत पुढचे बरेच नियम लुळे पडतात. हा फरक ध्यानात नसल्यामुळे निम्मे गैरसमज होतात.

आधी बिनतारणी कर्जाचं बघू. ते थकलं म्हणून वसुली एजंट घरी आला आणि टीव्हीकडे बोट दाखवून "हा उचलतो" म्हणाला, तर त्याला टीव्ही सोडाच, दारातलं पायपुसणं नेण्याचाही अधिकार नाही. तो मागू शकतो, आठवण करून देऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे. धमकावणं, चारचौघांत पाणउतारा करणं, नातेवाइकांच्या मागे लागणं हेही चालत नाही. वस्तू न्यायची असेल तर पैसे देणाऱ्याला कोर्टात जावं लागतं. साधारणपणे 3 वर्षांच्या मुदतीत दावा लावायचा, हुकूमनामा म्हणजे पैसे वसूल करण्याचा कोर्टाचा हुकूम मिळवायचा, मग त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करायचा. त्यानंतर कोर्टाचा बेलीफ, म्हणजे जप्ती करणारा कर्मचारी, दारात येतो. हुकूमनामा मिळाल्यावर मात्र अंमलबजावणीला 12 वर्षांची मुदत असते. "इतकी वर्षं कोणी आलं नाही म्हणजे विषय संपला" असं समजून निर्धास्त झालेल्यांची फजिती इथे होते.

बेलीफ आला की लागू होतं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60. ही संहिता 1908 ची, पण गोव्यात ती आली 1966 मध्ये. त्याआधी इथे पोर्तुगिजांची पद्धत होती. जप्तीतून काय वगळायचं त्याची यादी या एका कलमात दिलेली आहे. ती वाचताना समोर उभा राहतो शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी, कारागीर आणि मजूर. टॅक्सीवाला, गेस्टहाऊसवाला किंवा मोबाईलच्या दुकानाचा मालक त्या यादीत शोधून सापडत नाही. माझ्या मते या कलमाची सगळ्यात मोठी उणीव तीच.

समजा, डिचोली तालुक्यातल्या एका सुतारकाम करणाऱ्या मेस्ताने कोणाकडून तरी बिनतारणी कर्ज घेतलं, ते थकलं, आणि हुकूमनामा घेऊन बेलीफ आला. सूर्य मावळल्यानंतर आणि उगवण्याआधी त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. दिवसाउजेडी आला, पंच बसवले आणि लिहायला घेतलं. फ्रिज, टीव्ही, सोफा, दारातली स्कूटर ही सगळी यादीत जाऊ शकतात. घरच्यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण-पांघरूण जात नाही. घरधनिणीच्या गळ्यातलं मंगळसूत्रही नाही, कारण धर्मरूढीप्रमाणे जे दागिने स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत ते कलमाने सोडलेले आहेत. कपाटातला हार किंवा लग्नातल्या पाटल्या मात्र या सवलतीत बसत नाहीत. पण ते तिचं स्त्रीधन असेल तर नवऱ्याच्या कर्जापोटी ते नेताच येत नाही, मात्र तसं दाखवता आलं पाहिजे. मेस्ताची करवत, रंधा, पटाशी, हातोडा ही कारागिराची अवजारं, म्हणून सुरक्षित. विजेवर चालणारं मोठं कटर मशीन असेल तर वाद होऊ शकतो. ते मशीन तो स्वतः चालवून पोट भरतो, की चार माणसं ठेवून कारखाना चालवतो, यावर कोर्ट बघतं. हातावर पोट असणाऱ्याला वाचवणं हा कलमाचा उद्देश आहे, धंद्याची यंत्रसामग्री वाचवणं हा नाही.

शेतकऱ्याच्या बाबतीत कलम बरंच उदार आहे. नांगर-जोत, उपजीविकेला लागणारी गुरं, बियाणं ही सुटतात. शिवाय शेतकऱ्याचं राहतं घर, त्याखालची जागा आणि घराच्या वापराला लागणारं अंगण-परसू हेही जप्त होत नाही. मजुराचं आणि घरकाम करणाऱ्याचं राहतं घर यांनाही तेच संरक्षण आहे. "राहतं घर घेता येत नाही" हा वाड्यावरचा सल्ला जन्मला तो इथून. फक्त त्यातला "शेतकऱ्याचं, मजुराचं आणि घरगड्याचं" हा भाग वाटेत गळून पडला.

आता शेतकरी कोण? सातबाराला किंवा गोव्यातल्या फॉर्म 1 व 14 वर नाव लागलं की झालं, असं नाही. कलमातच व्याख्या दिली आहे: जो स्वतः जमीन कसतो आणि ज्याचं पोट मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर चालतं तो. स्वतः म्हणजे आपल्या किंवा घरच्यांच्या कष्टाने, नाहीतर मजुरीने माणसं लावून. मजुरी रोख चालेल, धान्याच्या रूपात चालेल, पण पिकातला वाटा देऊन दुसऱ्याकडून करून घेतलेली शेती यात बसत नाही. जमीन आपल्याच मालकीची हवी असंही नाही; कूळ किंवा शेतमजूरही शेतकरीच ठरतो. म्हणजे सत्तरीत काजूची बागायत स्वतः सांभाळून त्यावर संसार चालवणारा यात आला. पणजीत सरकारी नोकरी करून रविवारी फोंड्याच्या कुळागरात फेरी मारणारा आला नाही, मग त्याच्या पोफळी कितीही असोत.

म्हणून कटू असली तरी गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरदाराचा म्हापशातला फ्लॅट, दुकानदाराचं मडगावातलं घर, निवृत्त शिक्षकाचं पेडण्यातलं स्वकष्टाचं घर यांना कलम 60 मध्ये घर म्हणून संरक्षण नाही. इंटरनेटवर वाचून काहीजण वाद घालतात. अमेरिकेतल्या टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत राहत्या घराला किमतीची मर्यादा न घालता बरंच मोठं संरक्षण आहे, हे खरंच आहे. पण तो कायदा तिकडचा. डिचोलीच्या कोर्टात त्याचा उपयोग शून्य. आणि शेतकऱ्याचं घर असलं तरी, त्या घराच्याच थकलेल्या भाड्यासाठी हुकूमनामा झाला असेल तर ही सवलत मिळत नाही.

पगाराचं गणित सोपं आहे, पण फार थोड्यांना माहीत असतं. महिन्याच्या पगारातले पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. पगार 31,000 असेल तर 1000 बाजूला, उरले 30,000, त्यातले 20,000 सुरक्षित. म्हणजे जास्तीत जास्त 10,000 कापले जातील आणि 21,000 हातात येतील. हा 1000 चा आकडा 2002 पासून तोच आहे. त्याआधी तो 400 होता. इतक्या वर्षांत महागाई कुठून कुठे गेली, आकडा मात्र जागेवर बसून आहे. त्यापेक्षा कामाची तरतूद पुढची: एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण 24 महिने पगार कापला गेला, की त्या हुकूमनाम्यासाठी पगाराला पुन्हा हात लावता येत नाही. मजुराची आणि घरकाम करणाऱ्याची मजुरी पूर्णच सुटते, आणि मजुरात कुशल कामगारही येतो. बायको-मुलांच्या पोटगीचा हुकूम असेल तर हिशेब उलटतो, तिथे पगाराचा फक्त एक तृतीयांश वाचतो. सहकारी सोसायटीचं कर्ज घेताना पगारातून हप्ता कापायची जी संमती आपण देतो, ती जप्ती नव्हे. तिथे हे गणित लावायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

पेन्शन, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि स्वतःच्या जीवन विम्याचे पैसे हेही जप्तीच्या बाहेर. इथे एक प्रश्न नेहमी येतो: पेन्शन एकदा बँकेच्या खात्यात पडली की ती पेन्शन राहते की नुसते पैसे होतात? सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये एका निवृत्ताच्या प्रकरणात सांगितलं की निवृत्तीचे लाभ हातात आल्यावरही त्यांचं स्वरूप बदलत नाही. तेव्हा पेन्शनच्या खात्यात दुसरे पैसे मिसळू नयेत. घरभाडं, मुलाने पाठवलेली रक्कम, भाताच्या विक्रीचे पैसे दुसऱ्या खात्यात गेले तर उद्या कोणता रुपया कुठला हे दाखवता येतं. आणखी एक काळजी: ज्या बँकेचं कर्ज थकतंय, त्याच बँकेत आपलं बचत खातं असेल, तर बँक त्यातली रक्कम कर्जात वळती करू बघते. त्यासाठी तिला बेलीफची वाट बघावी लागत नाही.

इथपर्यंतचे नियम पणजीत तेच आणि पुण्यातही तेच. गोव्याचं वेगळेपण सुरू होतं घराच्या मालकीपासून.

गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा त्यात अर्धा-अर्धा वाटा असतो. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर दिसत असलं तरी त्यात बायकोचा अर्धा वाटा असू शकतो. आयकर कायद्यातही या पद्धतीमुळे गोव्यासाठी वेगळं कलम आहे. म्हणून इथल्या बँका घर तारण घेताना दोघांच्या सह्या मागतात. कारकून चिकटपणा करतो म्हणून नव्हे, स्थावर विकायला किंवा गहाण ठेवायला इथे जोडीदाराची संमती लागते म्हणून. आता समजा, नवऱ्याने मित्रासाठी जामीन दिला, मित्राने पैसे बुडवले, आणि हुकूमनामा झाला एकट्या नवऱ्यावर. जप्ती संपूर्ण घरावर आली तर बायकोने गप्प बसू नये. "माझा अर्धा वाटा या कर्जाला बांधलेला नाही" अशी हरकत अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टात घेता येते. कर्ज संसारासाठी घेतलं होतं का, तिची संमती होती का, हे मुद्दे मग निघतातच. पण हरकतच घेतली नाही तर मुद्दे निघायचेही नाहीत.

दुसरी गोष्ट वारसाची. गोव्यात बापाला आपली सगळी मालमत्ता मनाला येईल तशी देऊन टाकता येत नाही. अर्धी मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखून ठेवावी लागते. त्यामुळे पैसे देणाऱ्याला वाटतं, मुलाचा वाटा पक्का, मग तोच जप्त करू. तसं होत नाही. बाप हयात असेपर्यंत मुलाच्या हाती आहे ती आशा, आणि कलम 60 नुसत्या आशेला जप्तीत धरत नाही. बाप गेल्यावर चित्र बदलतं. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत वाटणी करण्याची कोर्टातली प्रक्रिया होवो न होवो, मुलाचा अविभक्त हिस्सा आता त्याचा असतो आणि त्यावर जप्ती येऊ शकते. तरी लिलावात घेणाऱ्याला मिळतो तो हिस्सा, वडिलोपार्जित घरातली ठरावीक खोली नव्हे. असे हिस्से घ्यायला गिऱ्हाईक सहज मिळत नाही, आणि बरीच जुनी घरं प्रत्यक्षात वाचतात ती या कटकटीमुळे. उलट बाजूने, मेलेल्या बापाचं कर्ज मुलाकडून वसूल करायचं तर बापाकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच. मुलाच्या स्वतःच्या पगाराला किंवा घराला त्यापोटी हात लावता येत नाही.

तिसरी गोष्ट मुंडकारांची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, त्याच्या जमिनीत, घर करून राहणाऱ्यांची. भाटकाराचं कर्ज थकलं आणि त्याचं भाट लिलावात गेलं, म्हणून त्या भाटातल्या मुंडकाराला घर सोडावं लागत नाही. लिलावात घेणाऱ्याला भाटकाराचा जेवढा हक्क होता तेवढाच मिळतो. त्या जमिनीवर मुंडकाराचा 1975 च्या कायद्याने आलेला हक्क तसाच राहतो. नवा मालक गेटला कुलूप लावून "पंधरा दिवसांत निघा" म्हणाला तर मामलेदाराकडे जायचं. घाबरून कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

आता तारणाच्या कर्जाकडे वळू. बँकेकडे घर तारण असेल तर तिला दिवाणी दावा न लावता थेट घराचा ताबा घेता येतो. तो 2002 चा सरफेसी कायदा. हप्ते थकून खातं अनुत्पादक ठरलं की बँक 60 दिवसांची नोटीस देते. कर्जदाराने त्यावर हरकत लिहून दिली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 60 दिवसांत पैसे आले नाहीत तर ताब्याची कारवाई सुरू होते, जिल्हाधिकाऱ्यांची मदत घेऊन प्रत्यक्ष ताबाही घेतला जातो. या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पूर्ण थकबाकी भरून घर सोडवायचं असेल तर लिलावाची जाहिरात निघण्याआधी भरावी. त्यानंतर हा हक्क राहत नाही. साध्या कोर्टाच्या लिलावात मात्र उशिरा का होईना, एक दार उघडं असतं. विक्री झाल्यापासून 60 दिवसांत हुकूमनाम्याची रक्कम आणि लिलावाच्या किमतीवर 5 टक्के कोर्टात भरले तर ती विक्री रद्द करून घेता येते.

आणि कलम 60 चं काय? सरफेसी कायदा म्हणतो की कलम 60 ने सुटलेल्या वस्तू इथेही सुटतील, पण लगेच कंसात सांगतो: त्या कर्जासाठी खास तारण दिलेल्या सोडून. म्हणजे शेतकऱ्याने आपलं राहतं घर स्वतः गहाण लिहून दिलं असेल, तर शेतकरी असण्याचा आधार तिथे लंगडा पडतो. खाणपट्ट्यातल्या ट्रकमालकांनी ही गोष्ट फार जवळून पाहिली. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लिजेस (भाडेपट्टे) रद्द केल्या, आणि सावर्डे-डिचोलीच्या रस्त्यांवरचे ट्रक दारात उभे राहिले. ट्रक हे त्या माणसाचं पोट भरण्याचं साधनच होतं, पण तो कर्जापोटी बँकेकडे बांधलेला. "माझं अवजार आहे" हे म्हणणं तिथे चालत नाही. ट्रॉलरच्या, टॅक्सीच्या कर्जातही तेच.

सरफेसीतून काही गोष्टी मुळातच बाहेर आहेत. 1 लाखापर्यंतचं कर्ज, मुद्दल आणि व्याज मिळून 20 टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरलेलं कर्ज, आणि शेतजमीन. शेवटच्या शब्दावर गोव्यातूनच एक गाजलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कासावलीजवळ आरोशी किनाऱ्यावरच्या पार्क हयात रिसॉर्टची मालक कंपनी ब्लू कोस्ट हॉटेल्स आयएफसीआय या वित्तसंस्थेचं कर्ज फेडू शकली नाही. रिसॉर्ट लिलावात गेलं आणि आयटीसीने ते सुमारे 515 कोटींना घेतलं. कर्जदार कंपनीचं म्हणणं, तारणातली काही जमीन शेतीची आहे, म्हणून सरफेसीची कारवाईच बेकायदा. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. महसुली दप्तरात शेतजमीन असं लिहिलेलं पुरेसं नाही. जमीन हॉटेलच्या प्रकल्पाचाच भाग म्हणून तारण दिली होती, हे न्यायालयाने धरलं. दप्तरात "भातशेती" आणि प्रत्यक्षात पार्किंग असा प्रकार किनारपट्टीवर कमी नाही. त्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

खऱ्याखुऱ्या शेतकऱ्याची खरीखुरी शेतजमीन तारण असेल तर बँकेला सरफेसीची जवळची वाट बंद असते. लांबची वाट, म्हणजे दावा लावून हुकूम मिळवणं, बंद नसते. शेतजमीन सुरक्षित म्हणजे कर्ज माफ, असा अर्थ काढणारे बरेच भेटतात.

करारात बारीक अक्षरांत "कायद्याने मिळणाऱ्या सर्व सवलती मी सोडून देत आहे" असं छापलेलं दिसलं तर घाबरू नये. कलम 60 ची सवलत सोडून देण्याचा करार रद्दबातल असतो, सही असली तरी. तारण देणं वेगळं आणि सगळ्या सवलतींवर पाणी सोडणं वेगळं. पहिलं बांधतं, दुसरं बांधत नाही.

तुरुंगाची भीती दाखवणारेही असतात. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषाला दिवाणी तुरुंगात ठेवता येतं, जास्तीत जास्त 3 महिने, तेही रक्कम 5000 च्या वर असेल तर. पण 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसतं गरीब असणं हा अटकेचा आधार होऊ शकत नाही. ऐपत असून लबाडीने देत नाही, हे समोरच्याने दाखवलं पाहिजे. मात्र न वटलेल्या चेकचा खटला फौजदारी असतो, त्यात 2 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि वरच्या यादीतली एकही सवलत तिथे ढाल होत नाही. हप्त्यापोटी आधीच सही करून दिलेले चेक कोणाच्या हातात आहेत, हे लिहून ठेवलेलं बरं.

दिवाळखोरीचं थोडक्यात. 2016 च्या नव्या संहितेत व्यक्तींसाठी बरा भाग आहे, पण तो आतापर्यंत लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, 1 डिसेंबर 2019 पासून. म्हणजे छोटं हॉटेल प्रायव्हेट लिमिटेड करून चालवणारा आणि कंपनीच्या कर्जावर स्वतः जामीन राहिलेला संचालक यात येतो. त्याचं प्रकरण जातं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे. त्याच्या दिवाळखोरीत धंद्याला लागणारी अवजारं आणि वाहन, घरातल्या गरजेच्या वस्तू, विमा पॉलिसी, 1 लाखापर्यंतचे धार्मिक रूढीचे दागिने आणि एक राहतं घर वगळलं जातं. घराला शहरात 20 लाख आणि गावात 10 लाख अशी किमतीची मर्यादा आहे. पर्वरीत 20 लाखांत घर दाखवा म्हटलं तर दलालसुद्धा हसेल. शिवाय या सगळ्या वस्तू कोणाकडे तारण नसतील तरच ही सवलत. गंमत अशी की धंद्याच्या वाहनाला संरक्षण देण्याचं शहाणपण या नव्या कायद्याने दाखवलं, पण टॅक्सी चालवणाऱ्या साध्या कर्जदारापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

मेव्हण्याच्या नावावर घर करणाऱ्याकडे परत येऊ. पैसे बुडवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतर कर्ज देणाऱ्यांना कोर्टातून रद्द करून घेता येतं. जवळच्या नातेवाइकाला, नोटीस आल्यावर, पैसे न घेता दिलेलं घर म्हणजे तो हेतू सिद्ध करायला दिलेला आयता पुरावाच. वर शेतकरी किंवा मजूर म्हणून त्या घराला जे संरक्षण मिळालं असतं, तेही गेलं, कारण घर आता आपलं नाही असं आपणच लिहून दिलं.

यातली कुठलीही सवलत बेलीफ आपणहून हिशेब करून देत नाही. तो समोर दिसेल ते लिहितो. शेतकरी आहे, कारागीर आहे, हा पगार आहे, ही पेन्शन आहे, हे कोर्टात अर्ज करून, कागद जोडून, लिलावाआधी सांगावं लागतं. नंतर सांगितलं तर ऐकून घेतलं जाईलच असं नाही. शेतकऱ्याने फॉर्म 1 व 14 चा उतारा, सोसायटीला किंवा बागायतदार संघाला माल घातल्याच्या पावत्या आणि कृषी खात्याचं कार्ड जोडावं. नोकरदाराने पगाराची पावती आणि आधीच्या कपातीचा महिनावार हिशेब, निवृत्ताने पेन्शनचा आदेश आणि फक्त पेन्शनच जमा होणाऱ्या खात्याचं पासबुक. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रीला तिथे वकील फुकट मिळतो, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असलं तरी. नोटीस, तिचं पाकीट आणि त्यावरची पोस्टाची तारीख सोबत न्यावी, कारण 15, 45 आणि 60 दिवसांचे सगळे हिशेब मांडताना वकील सगळ्यात आधी ती तारीखच विचारतो.